लोअरिंग स्प्रिंग बसवल्यावर गाडी नेमकी किती खाली आली, हे मोजायचं कसं

सोलापुरात लोअरिंग स्प्रिंग (मूळ स्प्रिंगच्या जागी बसवतात ती छोटी, कडक स्प्रिंग) बसवलेली गाडी चौकात उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला: "किती खाली घेतली?" उत्तर बहुतेक वेळा बोटांत मिळतं. आधी टायर आणि मडगार्डच्या मधे चार बोटं जायची, आता दोन जातात. गप्पांना तेवढं चालतं. पण डाव्या बाजूची स्प्रिंग बैठकीत नीट बसली आहे का, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आत्ताच करायची की थांबायचं, पाच माणसं घेऊन तुळजापूरला जाताना गाडी खालून घासेल का, यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर बोटांनी मिळत नाही. त्यासाठी मिलिमीटर लागतात. ते काढायला एक टेप, एक वही आणि एक निवांत सकाळ पुरते.

पहिल्यांदाच स्प्रिंग बदलणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी, पोलो अशा गाड्या डोळ्यांसमोर आहेत, म्हणजे पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) आणि मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई). तुमची गाडी वेगळी असली तरी मोजण्याची रीत हीच.

१. आधी ठरवा, कोणती उंची मोजायची

"गाडीची उंची" म्हणताना लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी बोलत असतात.

पहिली, जमिनीपासून मडगार्डच्या कमानीपर्यंतची. ही मोजायला सोपी, पण फसवी. टायर झिजला, बदलला, हवा कमी-जास्त झाली की आकडा बदलतो, स्प्रिंगचा काही संबंध नसताना.

दुसरी, चाकाच्या मध्यबिंदूपासून कमानीच्या कडेपर्यंतची. यात टायर येतच नाही. स्प्रिंगमुळे गाडीचं अंग चाकाच्या तुलनेत किती खाली आलं, एवढंच ती सांगते. स्प्रिंगचा हिशेब करायचा तर हीच मोजायची.

तिसरी, ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटाखालच्या सगळ्यात खालच्या भागापर्यंतचं अंतर. रस्त्यावर उपयोगी पडतो तो हा आकडा. तो वेगळा मोजायचा आणि वेगळा लिहायचा. त्याबद्दल पुढे सातव्या टप्प्यात.

२. जुनी स्प्रिंग असतानाच पहिलं माप घ्या

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. स्प्रिंग बसवून झाल्यावर टेप हातात घेतात आणि मग वजाबाकी कशातून करायची ते कळत नाही. गाडी गॅरेजला नेण्याआधी चारही चाकांचं माप घेऊन ठेवा. कंपनीतून आलेली गाडीसुद्धा चारही कोपऱ्यांवर अगदी सारखी नसते. डाव्या-उजव्या बाजूंत तीन-चार मिलिमीटरचा फरक मूळचाच असू शकतो, आणि तो माहीत नसला तर नंतर नव्या स्प्रिंगला उगाच दोष दिला जातो.

माप न घेताच स्प्रिंग बदलून झाली असेल तर ओळखीतल्या कुणाची तशीच, स्टॉक म्हणजे कंपनीच्या मूळ स्प्रिंगची गाडी मोजा. मॉडेल, इंजिन आणि शक्यतो व्हेरियंटही तोच असू द्या. डिझेल इंजिन जड असतं, त्यामुळे डिझेल गाडीच्या पुढच्या मापावरून पेट्रोल गाडीचा हिशेब लावता येत नाही. हा आकडा अंदाजाचाच राहील, तो वहीत "अंदाजे" म्हणूनच लिहा.

साहित्य आणि कागद

चांगला स्टीलचा टेप आणि जमल्यास ३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी. टायरची हवा मोजायचा गेज. कागदी चिकटपट्टी आणि पेन. गवंडी वापरतात तो ओळंबा. पाण्याची लेव्हल बघायची पारदर्शक नळी, म्हणजे गवंड्याचा लेव्हल पाईप. चाकाला लावायला लाकडी गुटके. वही, आणि फोटोसाठी मोबाइल. मदतीला एक माणूस असला तर काम निम्म्या वेळात होतं.

कागदांत आरसी, विम्याची पॉलिसी, स्प्रिंगचं बिल आणि स्प्रिंगसोबत आलेला पार्ट नंबरचा कागद एका फाइलमध्ये ठेवा. पार्ट नंबर तुमच्याच मॉडेलचा आणि इंजिनाचा आहे ना, हे स्प्रिंग बसवण्याआधी बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा आरसीवरची नोंद वेगळी ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. तुमच्या बदलाबाबत एमएच-१३ च्या आरटीओ कार्यालयात आधीच विचारून घ्या, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरला स्प्रिंग दिसली आणि विमा कंपनीच्या फाइलमध्ये तिची नोंद नसली, तर क्लेमच्या वेळी त्रास तुम्हाला होतो.

३. जागा शोधा

या कामातला अवघड भाग हाच. आपल्याकडे डोळ्याला सपाट दिसणारी जागा सहसा सपाट नसते, कारण तिला मुद्दाम ढाळ दिलेला असतो. अंगणातली शहाबादी फरशी पाणी वाहून जावं म्हणून गेटाकडे उतरती असते. वॉशिंग सेंटरचा ओटा मधल्या नालीकडे, पेट्रोल पंपाची जागा रस्त्याकडे. जुळे सोलापूर भागातल्या नव्या अपार्टमेंटच्या पार्किंगलाही थोडा ढाळ सापडतोच.

नुसता एका बाजूला ढाळ असेल तर चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतच्या मापात फारसा फरक पडत नाही. बिघडवतो तो खळगा. एकच चाक १० मिलिमीटर खाली गेलं की तो पीळ चारही स्प्रिंगांत वाटला जातो. खळग्यातलं चाक आणि त्याच्या तिरप्या समोरचं चाक इथे कमान साधारण अडीच मिलिमीटर उंच दिसते, उरलेल्या दोन ठिकाणी तेवढीच खाली. म्हणजे स्प्रिंग निर्दोष असताना डाव्या-उजव्या बाजूंत पाच मिलिमीटरचा फरक कागदावर उमटतो. गाडी उलटी फिरवून पुन्हा मोजा आणि सरासरी काढा, असा सल्ला बरेचदा मिळतो. त्याने ढाळाची चूक निघते, खळग्याची निघत नाही, कारण उलट्या गाडीलाही पीळ त्याच दिशेने बसतो.

म्हणून जागा तपासा. चार चाकं जिथे येणार तिथे खडूने खुणा करा. लेव्हल पाईपमध्ये पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक पहिल्या खुणेवर उभं धरा, दुसरं टोक एकेक करून बाकीच्या तीन खुणांवर न्या आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही टोकांना जमिनीपासून पाणी किती उंचीवर आहे ते मोजा. दोन उंचींतला फरक म्हणजे त्या दोन जागांमधला चढ-उतार. घरी हा पाईप नसेल तर शेजारच्या बांधकामावर विचारा, गवंडी लोक आनंदाने देतात आणि धरायचा कसा तेही दाखवतात. जिथे जागा खाली आहे तिथे टायरखाली हार्डबोर्डचे किंवा प्लायचे तुकडे घालून पातळी जुळवा. चारही खुणा दोन मिलिमीटरच्या आत आल्या की पुरे.

एवढी खटपट नको असेल तर सगळ्यात चांगली जागा म्हणजे व्हील अलाइनमेंटचा रॅक. तो मुळात पातळीत बसवलेला असतो. विजापूर रोडला किंवा अक्कलकोट रोडला ज्या दुकानात तुम्ही नेहमी अलाइनमेंट करता, तिथे सकाळी गर्दी व्हायच्या आत जाऊन दहा मिनिटं मागून घ्या. जागा कोणतीही असो, आधीचं आणि नंतरचं माप त्याच जागेवर, गाडीचं तोंड त्याच दिशेला ठेवून घ्या.

४. गाडी दोन्ही वेळा एकाच स्थितीत आणा

• डिकी रिकामी करा. स्टेपनी आणि जॅक मात्र जागेवरच ठेवा.
• पेट्रोल दोन्ही वेळा सारखंच असू द्या. ३७ लिटरची टाकी रिकामी आणि भरलेली यांत २७-२८ किलोंचा फरक असतो, आणि तो बराचसा मागे पडतो. टाकी फुल करून मोजणं सोपं, कारण पुढच्या वेळी नेमकी तीच स्थिती आणता येते.
• गाडीत कुणी बसायचं नाही. ड्रायव्हरसुद्धा उतरून मग मोजायचं.
• स्टिअरिंग सरळ ठेवा.
• हवा सकाळी, टायर थंड असताना कंपनीने सांगितल्याइतकी भरा.

हवेबद्दल थोडं जास्त. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की टायरमधली हवा सुमारे एक पीएसआयने वाढते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पहाटेच्या आणि दुपारच्या तापमानात पंधरा अंशांचं अंतर सहज पडतं, शिवाय एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला सावली असली तर दोन बाजूंची हवा वेगळी. चाकाच्या मध्यापासूनच्या मापाला याने धक्का लागत नाही, पण ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा बदलतो. उन्हाळ्यात आठच्या आत काम उरका.

५. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नका

जॅकवर गाडी उचलली की चाकं खाली लोंबतात आणि थोडी आत ओढली जातात. गाडी खाली टेकवल्यावर टायर जमिनीला घट्ट धरून राहतात, चाकं पुन्हा बाहेर सरकू शकत नाहीत, आणि गाडी खऱ्या उंचीपेक्षा बरीच वर उभी राहते. "अहो, काहीच खाली आली नाही" ही तक्रार बहुतेक वेळा याच क्षणी होते. गॅरेजमधल्या गॅरेजमध्ये काढलेले फोटो म्हणूनच हिशेबात धरू नका.

गाडी एक-दोन किलोमीटर चालवून आणा. मग मोजायच्या जागेवर हाताने ढकलून दोन-तीन मीटर पुढे-मागे करा. पुढून आणि मागून, जिथे पत्रा मजबूत आहे तिथे, तीन-चार वेळा दाबून सोडा. मडगार्डच्या मधोमध दाबू नका, पत्र्याला पोचा येतो. शेवटी गाडी हळूच खुणेवर येऊ द्या, हँडब्रेक ओढू नका, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि चाकांना गुटके लावा. मागचे ब्रेक धरलेले असले तर मागचं चाक फिरत नाही आणि मागची बाजू मोकळेपणाने खाली बसत नाही.

बुशचे बोल्ट कधी आवळले, हे मिस्त्रींना आवर्जून विचारा. लोअर आर्मच्या (पुढचं चाक खालून धरणारा दांडा) आणि मागच्या बीमच्या जोडांत रबरी बुश असतात. काम करताना त्यांचे बोल्ट सैल केले असतील, तर ते शेवटचे आवळायचे गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, चाकं लोंबत असताना नाही. लोंबत्या स्थितीत आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी काही मिलिमीटर वर अडकते आणि बुश लवकर फाटतो. काम सुरू व्हायच्या आधीच हे नम्रपणे सांगून ठेवा: "मिस्त्री, बुशचे बोल्ट गाडी खाली घेतल्यावर फायनल आवळा." चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही.

६. आता मोजा, आणि आकडे वाचा

चाकाचा मध्यबिंदू पक्का करा. अलॉय असेल तर मधल्या कॅपचं केंद्र घ्या. प्लॅस्टिकचं व्हीलकॅप असेल तर ते काढा, कारण ते थोडं सरकून बसलेलं असू शकतं. कमानीवर चिकटपट्टी लावा, ओळंबा सोडा, आणि दोरी चाकाच्या मध्यावरून जाईल तिथे पट्टीवर पेनने खूण करा. या खुणेच्या खाली, पत्र्याच्या कडेपर्यंत मोजायचं. आतल्या प्लॅस्टिक लायनरपर्यंत नाही. ती पट्टी स्प्रिंग बदलेपर्यंत तशीच ठेवता आली तर उत्तम.

टेपच्या टोकाचा हूक किंचित हलतो. तो सैल झालेला नसतो. अडकवून आणि टेकवून, दोन्ही प्रकारे बरोबर माप यावं म्हणून तो तेवढा हलता ठेवलेला असतो. पण जुन्या टेपमध्ये ही हालचाल वाढलेली असते, म्हणून टोक सोडून १० सेंटिमीटरची रेघ चाकाच्या मध्यावर धरा आणि आलेल्या मापातून १०० मिलिमीटर वजा करा. वजा करायचं विसरू नये म्हणून वहीत आधीच "–१००" लिहून ठेवा. डोळा मापाच्या समोर आणा, उभ्याने वाकून वाचू नका. प्रत्येक चाक तीनदा मोजा. तिन्ही आकडे दोन मिलिमीटरच्या आत आले तर मधला घ्या, नाही तर पुन्हा मोजा.

गॅरेजमध्ये माप इंच-सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. आपल्या कामाला हे एकक मोठं पडतं. "दोन सूत फरक आहे" म्हणजे सहा मिलिमीटरहून जास्त, आणि तेवढा फरक सोडून द्यायचा नसतो. वही मिलिमीटरमध्येच ठेवा.

एक काल्पनिक वही बघू:

पुढे डावं: आधी ३७८, नंतर ३४६, फरक ३२
पुढे उजवं: आधी ३७५, नंतर ३४५, फरक ३०
मागे डावं: आधी ३८४, नंतर ३६०, फरक २४
मागे उजवं: आधी ३८३, नंतर ३५२, फरक ३१

पुढची जोडी ठीक आहे. मागे मात्र डावीकडची बाजू उजवीपेक्षा सात मिलिमीटरने कमी उतरली आहे. एकाच ॲक्सलवरच्या दोन फरकांत पाच मिलिमीटरहून जास्त अंतर आलं तर मी ते तपासल्याशिवाय सोडत नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं: स्प्रिंगचं टोक बैठकीतल्या खाचेत न बसता वर चढलेलं असतं, किंवा खालचं रबर दुमडलेलं असतं. चाक काढून टोक हाताने चाचपून बघा. स्प्रिंग उलटी बसलेली नाही ना, पुढची डावी-उजवी वेगळी असल्यास अदलाबदल झालेली नाही ना, तेही बघा. यातलं काही नसेल तर पुन्हा जागेची पातळी तपासा, आणि सगळ्यात शेवटी स्प्रिंगवर संशय घ्या.

जुनी आणि नवी स्प्रिंग शेजारी ठेवून "साठ मिलिमीटरने छोटी आहे, म्हणजे गाडी साठ मिलिमीटर खाली येणार" असा हिशेब करू नका. नवी स्प्रिंग लांबीला छोटी असते, पण कडकही असते, म्हणून कमी दबते. समजा पुढच्या एका स्प्रिंगवर ३०० किलो भार आहे. जुनी स्प्रिंग ३५० मिलिमीटर लांब आणि मिलिमीटरला २ किलो कडकपणाची असेल तर ती १५० दबून २०० वर थांबते. नवी २९० लांब आणि अडीच किलोची असेल तर १२० दबून १७० वर थांबते. मोकळ्या लांबीत फरक ६०, गाडी खाली आली ३०. मागे टॉर्शन बीमला तर स्प्रिंग चाकाच्या नेमकी वर नसते, त्यामुळे तिथे हा सरळ हिशेबही लागू होत नाही. चाकाजवळ टेप लावणं हाच मार्ग.

कंपनीने खोक्यावर ३० लिहिलं आणि तुमच्याकडे २७ किंवा ३४ आलं तर घाबरू नका. व्हेरियंटचं वजन, जुन्या स्प्रिंगचं बसलेपण, यांनी एवढा फरक पडतो. १५ किंवा ५० आलं तर पार्ट नंबर पुन्हा बघा.

माप झाल्यावर गाडी एकदा जॅकवर घ्या आणि चाक पूर्ण लोंबू द्या. मागची स्प्रिंग हाताने हलवून बघा. ती दोन्ही बैठकांमध्ये धरलेली असली पाहिजे. लोंबत्या चाकावर स्प्रिंग मोकळी खुळखुळत असेल तर मोठ्या खड्ड्यावर ती जागेवरून निसटू शकते. अशी गाडी रस्त्यावर नेऊ नका. स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांना जुळत नाहीत, हा त्याचा अर्थ.

७. भरलेल्या गाडीचं ग्राउंड क्लिअरन्स

रिकाम्या गाडीचं क्लिअरन्स कागदावर छान दिसतं. घरच्या पाच जणांना बसवा, डिकीत पंढरपूर-अक्कलकोटला जाताना असतं तेवढं सामान टाका, आणि मग मोजा. सायलेन्सरचा पाईप, इंजिनाखालचं कव्हर, पुढच्या बंपरची खालची कड, तिन्ही मोजा आणि सगळ्यात लहान आकडा जपून ठेवा.

आता तो आकडा गतिरोधकांशी ताडून बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मध्ये गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. स्विफ्टसारख्या २४५० मिलिमीटर व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) गाडीची चारही चाकं अशा गतिरोधकावर आली, तर पोटाखालचं अंतर मधोमध फक्त ४४ मिलिमीटरच्या आसपास कमी होतं. नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक लोअर केलेल्या गाडीलाही त्रास देत नाही. त्रास देतो तो गल्लीतला अरुंद, उभा उंचवटा. तो दोन चाकांच्या मधे पूर्ण मावतो, त्यामुळे त्याची सगळी उंची तुमच्या क्लिअरन्समधून वजा होते. तुमच्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट उंचवटा टेपने मोजा. तो १३ सेंटिमीटर आणि भरलेल्या गाडीचं क्लिअरन्स १२ असेल, तर तिरपी गाडी घालूनही रोज घासणारच. हा हिशेब स्प्रिंग विकत घेण्याआधी केला तर पैसे वाचतात. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमुळे गावाकडच्या रस्त्यांना पडलेल्या चाकोऱ्याही याच हिशेबात धरा. त्यांच्या मधला उंच पट्टा बरोबर गाडीच्या पोटाखाली येतो.

शॉकअपच्या दांड्यावर, धुळीचं रबर वर सरकवून, एक झिप टाय बांधा, हाताने सरकेल पण आपोआप घसरणार नाही इतपत घट्ट, आणि खाली ढकलून ठेवा. भरलेल्या गाडीने एक फेरी मारून आलात की झिप टाय किती वर गेला ते बघा. तो बंप स्टॉपला (दांड्याच्या वरच्या टोकाचा रबरी ठोकळा) टेकला असेल तर सस्पेन्शनचा सगळा प्रवास वापरला जातोय, आणि मागच्या सीटवरच्यांना प्रत्येक खड्डा कमरेत जाणवणार.

८. थोडी चालवा, पुन्हा मोजा, मगच अलाइनमेंट

नव्या स्प्रिंगा आणि रबरं सुरुवातीला काही मिलिमीटर बसतात. मी ५०० किलोमीटरच्या आसपास गाडी चालल्यावर पुन्हा त्याच जागेवर, टाकी फुल करून मोजतो. चारही कोपरे सारखेच दोन-चार मिलिमीटर उतरले असतील तर सगळं ठीक. एकच कोपरा उतरला असेल तर पुन्हा सहावा टप्पा.

गाडी खाली आली की कॅम्बर निगेटिव्हकडे सरकतो (चाकाची वरची बाजू आत झुकते) आणि टो (वरून पाहताना चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळली आहेत ते) बदलतो. टो बिघडलेला राहिला तर टायरची आतली कड थोड्या दिवसांत खाल्ली जाते. त्यामुळे स्प्रिंग बसवल्यावर लगेच टो कामापुरता सरळ करून घ्या, आणि दुसरं माप स्थिर आल्यावर पूर्ण अलाइनमेंट करा. दुकानातून आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची प्रिंट मागून घ्या आणि वहीला चिकटवा. टॉर्शन बीमच्या गाडीत मागचे कोन सहसा बदलता येत नाहीत, पण प्रिंटमध्ये ते दिसतात, आणि मागचं एक चाक फार वेगळं असेल तर बीमला मार बसलेला असू शकतो.

हेडलाइटही त्याच दिवशी बघा. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त उतरली असेल तर झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. पुढची जास्त उतरली असेल तर झोत जवळच पडतो. रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून लो बीमची वरची कड कुठे येते ते बघा. मापात पुढचा-मागचा फरक दहा मिलिमीटरच्या वर असेल तर झोत लावून घ्या, विशेषतः पुणे किंवा हैदराबादच्या रस्त्याला रात्री जाणार असाल तर.